साथ पसरते तशी सवय पसरत नाही

रोग आणि विचार माणसांमधून कसे पसरतात, हा या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. दोन-तीन उत्तरं लांबली आहेत, कारण हिशेब मांडून दाखवल्याशिवाय ती पटणारी नाहीत.

प्रश्न : गोवराचा ‘आर-नॉट’ १२ ते १८ असतो असं वाचलं. म्हणजे गोवराचा प्रत्येक रुग्ण पंधरा-एक जणांना गोवर देतोच का? आणि हा आकडा जितका मोठा तितकी साथ वेगवान, असं समजायचं का?

उत्तर : दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्ही फार पसरलेले आहेत.

ज्या समाजात कुणालाच एखाद्या रोगापासून संरक्षण नाही, तिथे एका रुग्णामुळे सरासरी किती जणांना लागण होईल, हे आर-नॉट सांगतो. तो तीन गोष्टींचा गुणाकार आहे. रुग्ण दिवसाला किती जणांच्या सहवासात येतो, एका सहवासात लागण होण्याची शक्यता किती, आणि तो किती दिवस संसर्ग देत राहतो. यातली पहिली गोष्ट विषाणू ठरवत नाही, आपली राहणी ठरवते. म्हणून एकाच रोगाचा आकडा दाट वस्तीत वेगळा निघतो आणि विरळ वस्तीत वेगळा.

वेग कळायला आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे पिढीचा काळ. एकाला लागण झाल्यापासून त्याच्याकडून पुढच्याला होईपर्यंत सरासरी जेवढे दिवस जातात, तो हा काळ. फ्लूमध्ये तो ३ दिवसांच्या आसपास असतो, गोवरात १२ च्या आसपास. समजा एका रोगाचा रुग्ण दीड जणांना लागण देतो आणि पिढी ३ दिवसांची आहे. दुसऱ्याचा रुग्ण पाच जणांना देतो, पण पिढी १२ दिवसांची. बारा दिवसांत पहिल्याच्या चार पिढ्या होतात, आणि दीडचा चार वेळा गुणाकार केला की ५.०६ येतात. म्हणजे बारा दिवसांअखेर दोघं बरोबरीत! फरक पडतो तो बंदोबस्तात. लांब पिढीच्या रोगात रुग्णाच्या संपर्कातली माणसं शोधायला आठवडा मिळतो. फ्लूमध्ये यादी तयार होईपर्यंत पुढची पिढी आजारी पडलेली असते.

आता ‘सरासरी’ या शब्दाकडे वळू. २००३ च्या सार्सच्या साथीत बहुतेक रुग्णांनी कुणालाच लागण दिली नाही किंवा एखाद्यालाच दिली. मोजक्या रुग्णांनी मात्र दहा-दहा, वीस-वीस जणांना दिली. त्या वर्षी फेब्रुवारीत हाँगकाँगमधल्या एका हॉटेलात उतरलेल्या एकाच पाहुण्याकडून लागण झालेल्यांनी तो रोग टोरांटो, सिंगापूर आणि हनोईपर्यंत नेला. अशा रोगाच्या बऱ्याच साखळ्या आपोआप तुटतात, पण जी टिकते ती भडकते. म्हणून तिथे ‘या रुग्णाने पुढे कुणाला दिला’ याच्या बरोबरीने ‘याला कुठून आला’ हेही शोधावं लागतं. मागे गेलं की एकाच ठिकाणाहून फुटलेल्या अनेक साखळ्या एकदम सापडण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : गोवरासाठी ९५ टक्के लसीकरण हवं, हा आकडा येतो कुठून? आणि साथीतले निम्म्याहून जास्त रुग्ण लस घेतलेलेच निघाले, तर लस निकामी म्हणायची का?

उत्तर : आर-नॉट १५ धरू. साथ ओसरायची तर एका रुग्णामागे नवा रुग्ण एकाहून कमी व्हायला हवा. म्हणजे ज्या १५ जणांना लागण झाली असती, त्यातले निदान १४ सुरक्षित हवेत. १४ भागिले १५ म्हणजे ९३.३ टक्के. पण हे प्रमाण सुरक्षित असलेल्यांचं झालं, टोचलेल्यांचं नव्हे. गोवराच्या लसीच्या दोन मात्रा सुमारे ९७ टक्के जणांना संरक्षण देतात, म्हणून ९३.३ ला ०.९७ ने भागायचं, उत्तर ९६.२ टक्के. आर-नॉट १२ धरला तर हेच ९४.५ येतं, १८ धरला तर ९७.४. म्हणजे ९५ हा आकडा या पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळचा आहे. ९५ गाठले म्हणून निश्चिंत व्हावं, अशी परिस्थिती नाही.

एकच मात्रा दिली तर? ती सुमारे ९३ टक्के जणांना संरक्षण देते. ९३.३ भागिले ०.९३ केलं की १०० च्या वर जातं. एका मात्रेवर सगळ्यांना टोचूनही गणित पुरं पडत नाही. दुसऱ्या मात्रेचा आग्रह का धरतात, ते या एका भागाकारात दिसतं.

यात आणखी एक खड्डा आहे. शंभर शाळा घ्या, सगळ्यांची पटसंख्या सारखी. ९५ शाळांत प्रत्येक मुलाला लस मिळाली आहे आणि पाच शाळांत एकालाही नाही. सरासरी ९५ टक्केच भरेल, पण त्या पाच शाळांत गोवर असा पसरेल की जणू लस निघालेलीच नाही. अहवालात तालुक्याची किंवा जिल्ह्याची सरासरी दिली असेल, तर तिच्याखालच्या वस्तीवार आकड्यांची मागणी करायलाच हवी.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. हजार मुलांची शाळा घ्या आणि सगळ्यांचा गोवराशी संबंध आला असं धरा. लस न घेतलेल्यांपैकी ९० टक्के आजारी पडतील, दोन मात्रा घेतलेल्यांपैकी त्याच्या ३ टक्के, म्हणजे २.७ टक्के. लसीकरण ८० टक्के असेल तर न घेतलेल्या २०० पैकी १८० आणि घेतलेल्या ८०० पैकी साधारण २२ आजारी. एकूण २०२, त्यात लस घेतलेले ११ टक्के. लसीकरण ९९ टक्के असेल तर न घेतलेल्या १० पैकी ९ आणि घेतलेल्या ९९० पैकी २७. एकूण ३६, त्यात लस घेतलेले ७५ टक्के. लस तीच आहे, तिची ताकदही तीच. रुग्ण २०२ वरून ३६ वर आले, आणि तरीही ‘तीन चतुर्थांश रुग्ण लस घेतलेले’ हा मथळा खरा ठरतो. बरोबर तुलना रुग्णांची आपसात नसते. घेतलेल्या शंभरांत किती आजारी पडले आणि न घेतलेल्या शंभरांत किती, हे शेजारी ठेवायचं असतं.

प्रत्येक रोगाला इतकं उंच प्रमाण लागतंच असं नाही. देवीच्या रुग्णाचा संसर्ग मुख्यतः पुरळ दिसू लागल्यावर पसरत असे. त्यामुळे रुग्ण हुडकून त्याच्याभोवतीच्या माणसांना लस टोचण्याचं कडं उभारता आलं. निसर्गतः झालेला देवीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर झालं.

प्रश्न : नववी-दहावीच्या मुलांना साथीचं गणित वर्गात करून दाखवायचं आहे. स्प्रेडशीट येते, कॅल्क्युलस नाही. कसं करावं?

उत्तर : कॅल्क्युलसची गरज नाही, गुणाकार-भागाकार पुरे. सहा रकाने करा : दिवस, निरोगी, बाधित, बरे झालेले, आजचे नवे, आजचे बरे. पहिल्या ओळीत दिवस ०, निरोगी ९९९, बाधित १, बरे झालेले ०. ‘आजचे नवे’ म्हणजे ०.४ गुणिले निरोगी गुणिले बाधित भागिले १०००. ‘आजचे बरे’ म्हणजे ०.२ गुणिले बाधित. पुढच्या ओळीत निरोगींमधून आजचे नवे वजा, बाधितांमध्ये नवे मिळवून बरे वजा, बरे झालेल्यांमध्ये आजचे बरे अधिक. ही सूत्रं खाली १२० ओळी ओढा आणि बाधितांच्या रकान्याचा आलेख काढा.

०.२ चा अर्थ सरासरी आजार ५ दिवसांचा. ०.४ गुणिले ५ म्हणजे आर-नॉट २. सुरुवातीला बाधित रोज १.२ पटीने वाढतात, म्हणजे पावणेचार दिवसांत दुप्पट. विसाव्या दिवशी ते ३४ च्या आसपास असतात आणि आलेख अजून जमिनीलगत दिसतो. छत्तिसाव्या दिवशी सुमारे १६० असतात आणि तो शिखर. मुलांना त्या ओळीतला निरोगींचा आकडा बघायला सांगा. तो नुकताच ५०० च्या खाली गेलेला असेल. निम्मे लोक निरोगी उरले, की एका रुग्णामागचे दोन नवे रुग्ण एकावर येतात. पण साथ तिथे संपत नाही. शिखराच्या दिवशी बाधित आहेतच, ते लागण देत राहतात आणि शेवटी सुमारे ८०० जण आजारी पडून जातात. दोनशेच्या आसपास वाचतात. ‘निम्म्यांना झालं की साथ थांबते’ या समजुतीचं काय होतं, ते मुलांना स्वतःच्या तक्त्यात दिसतं.

चुका ठरावीक होतात. एक, १००० ने भागायचं विसरणं. मग पहिल्याच दिवशी ४०० नवे रुग्ण येतात आणि लगेच निरोगींचा आकडा उणे होतो. दोन, ओळ आठवड्याची ठेवून दर सातपट करणं, ०.२ चे १.४ झाले, की जेवढे बाधित आहेत त्याहून जास्त ‘बरे’ होऊ लागतात. आठवड्याचे आकडे हवे असतील तर रोजचा तक्ता करून दर सातवी ओळ उचला. तीन, ‘०.४ रुग्ण कसा असेल’ म्हणून आकडे पूर्णांकात आणणं, ०.४ चं शून्य झालं की साथ सुरूच होत नाही. अपूर्णांक तसेच राहू द्या, ती सरासरी आहे.

या तक्त्यात नशिबाला जागा नाही, आणि एकाच रुग्णापासून सुरू होणाऱ्या साथीत नशीब फार मोठं असतं. त्यासाठी फासा आणा. वर्गाचे दहा गट करा, प्रत्येकाकडे एक बाधित. फाशावर १ ते ४ पडलं तर एक बाधित वाढवा, ५ किंवा ६ पडलं तर एक कमी करा. शून्य झाले की साथ विझली, २० झाले की भडकली. हा आर-नॉट २ चाच रोग आहे, कारण नवी लागण होण्याची शक्यता बरं होण्याच्या दुप्पट ठेवली आहे. तरीही साधारण निम्म्या गटांची साथ विझते. एका वर्गात दहापैकी तीन विझतील, दुसऱ्यात सात. दोन तुकड्यांचे निकाल एकत्र करून दाखवलेत तर आणखी चांगलं.

प्रश्न : हे गणित मुंबईच्या प्लेगवरून तयार झालं असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : तयार झालं नाही, ताडून पाहिलं गेलं. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी वरच्या तक्त्यामागचं समीकरण मांडलं. मॅकेंड्रिक भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या मुंबई बेटावरच्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंवर आपला वक्र बसवला आणि तो सुरेख बसला.

पण प्लेग प्रामुख्याने उंदरांचा रोग आणि तो माणसाला देते पिसू. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब मानत आहोत, असं त्या दोघांनीच लिहून ठेवलं आहे. शिवाय मुंबईत १८९६ पासून प्लेग वर्षागणिक ठरावीक हंगामात चढत आणि उतरत होता, आणि कोरड्या उष्णतेत पिसवा कमी टिकतात. समीकरणात ऋतूला स्थानच नाही. त्यात साथ उतरते ती लागण होण्याजोगे कमी झाले म्हणून. म्हणजे आकार जुळला, पण कारण जुळल्याचा पुरावा मिळाला नाही. घंटेच्या आकाराचा वक्र अनेक कारणांनी येतो. नव्या साथीत पहिल्या महिन्याच्या आकड्यांवर असा वक्र बसवून ‘अमुक तारखेला संपेल’ असं कुणी सांगितलं, तर रोग पसरण्याचा मार्ग त्यांनी हिशेबात कसा धरला, हे आधी विचारावं.

प्रश्न : अफवाही रोगासारखीच पसरते ना? मग तिलाही हाच हिशेब लावता येईल का?

उत्तर : चढताना दोघी सारख्या दिसतात. थांबतात मात्र वेगळ्या कारणांनी. रुग्ण आपल्या वेळेने बरा होतो. अफवा सांगणारा थांबतो तो ‘हे तर मला ठाऊक आहे’ म्हणणारा भेटला की. सांगण्यातली मजा तिथेच जाते. डेली आणि केंडल या गणितज्ञांनी १९६४ मध्ये हे गणितात मांडलं आणि विलक्षण उत्तर आलं. मोठ्या समाजात, कुणीही कुणालाही भेटू शकतो असं धरलं, तर अफवा सुमारे ८० टक्के लोकांपर्यंत जाते आणि २०.३ टक्के लोकांना ती कधीच कळत नाही. अफवा किती चटकदार आहे यावर हे प्रमाण अवलंबून नाही. चटकदार असेल तर ती लवकर संपते, इतकाच फरक. वरच्या तक्त्यात आर-नॉट २ ला जे ८०० जण आजारी पडले, त्यांच्याशी हे प्रमाण जुळतं आणि तो योगायोगही नाही; दोन्हींचं शेवटचं समीकरण एकच निघतं.

रोगाला उंबरठा असतो. आर-नॉट १ च्या खाली गेला की साथ पेटत नाही. डेली-केंडल यांच्या गणितातल्या अफवेला तसा उंबरठा नाही, म्हणून ‘इतक्या टक्क्यांना सावध केलं की झालं’ असा सोपा आकडा तिच्यासाठी काढता येत नाही. मोबाइलवर तर तिचा ब्रेकच सुटतो. शंभर जणांच्या गटात मजकूर पुढे ढकलणाऱ्याला, त्यातल्या नव्वद जणांनी तो आधीच वाचला आहे हे कळत नाही. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५०० जणांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागल्याचं दिसलं, आणि हा फरक यंत्रचलित खात्यांमुळे नव्हे तर माणसांमुळे पडत होता.

प्रश्न : आमची संस्था आरोग्याच्या सवयींचा प्रचार करते. संदेश घराघरांत पोचला आहे, विचारलं तर लोक तो पाठ म्हणून दाखवतात. पण सवय कुणी लावून घेत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा कार्यकर्ते विखुरण्यात. माहिती एका माणसाकडून मिळाली तरी पुरते. सवय बदलायला, विशेषतः जिथे कष्ट आहेत किंवा ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती आहे तिथे, आपल्यातल्या दोघा-तिघांनी ती बदललेली दिसावी लागते.

समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये दिलेलं दंगलीचं उदाहरण पाहा. चौकात शंभर माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न पाहता दंगलीत उतरतो. दुसरा एक जण उतरलेला दिसला की उतरतो, तिसरा दोन दिसले की, असं करत शंभरावा नव्याण्णव दिसले की. सगळे शंभर उतरतात. आता फक्त दुसऱ्या माणसाला थोडं सावध करा, त्याला एकाऐवजी दोन जण दिसायला हवेत. पहिला उतरतो आणि तिथेच सगळं थांबतं. दोन्ही गर्दींची सरासरी मनोवृत्ती जवळपास सारखीच आहे. सर्वेक्षणात ‘९९ टक्के लोक तयार आहेत’ असं येईल आणि प्रत्यक्षात एकच उतरलेला असेल. तुमच्या गावांत हेच चाललं असण्याची शक्यता मोठी आहे.

समाजशास्त्रज्ञ सेंटोला यांनी २०१० मध्ये याचा प्रयोग करून पाहिला. आरोग्यविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, एवढीच कृती. लोकांना दोन प्रकारच्या जाळ्यांत गुंफलं. एकात ओळखीचे आपसातही ओळखीचे, दुसऱ्यात ओळखी दूरदूर विखुरलेल्या. रोग दुसऱ्या जाळ्यात झपाट्याने पसरला असता. नोंदणी मात्र पहिल्यात सुमारे ५४ टक्के झाली, दुसऱ्यात ३८. पहिल्या जाळ्यात तीच सूचना दुसऱ्या ओळखीच्याकडूनही येत होती.

शेतीतही हेच दिसलं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं, याचा रायन आणि ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ चा. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी ते घेतलं, पण ऐकणं आणि पेरणं यांत वर्षं गेली. माहिती बहुतेकांना विक्रेत्यांकडून मिळाली. घेण्याचा निर्णय मात्र शेजाऱ्यांच्या शेताकडे बघून झाला, आणि तोही आधी थोड्या जमिनीवर पेरून.

तेव्हा ५० कार्यकर्ते असतील तर प्रत्येक वस्तीत एक असे वाटू नका. एकमेकांच्या घरी जाणंयेणं असलेल्या आठ-दहा घरांचे गट निवडा आणि एका गटाला चार-पाच जण द्या. गटातली निम्मी घरं वळेपर्यंत तिथेच थांबा. पुढचा गट निवडताना पहिल्या गटाशी एकाच नव्हे तर तीन-चार घरांचे संबंध असलेला घ्या. एकाच ओळखीच्या पुलावरून बातमी जाते, सवय सहसा जात नाही. आणि मोजताना ‘किती जणांना माहीत आहे’ हे विचारू नका. ‘तुमच्या ओळखीतल्या किती घरांत हे सुरू झालं आहे’ हे विचारा. उत्तर शून्य किंवा एक येत असेल, तर प्रचाराचे फलक वाढवून उपयोग नाही.

रोग रोखायचा असेल तर युक्ती उलटी. तिथे जास्त ओळखी असलेली, विखुरलेली माणसं आधी गाठायची असतात. ओळखींची यादी नसतानाही ते जमतं. चिठ्ठ्या टाकून काही जण निवडा, प्रत्येकाला एका मित्राचं नाव विचारा आणि लस त्या मित्राला द्या. ज्याच्या ओळखी जास्त त्याचं नाव जास्त जणांच्या तोंडी येणार, म्हणून हे मित्र सरासरीने जास्त संपर्कातले निघतात.

प्रश्न : मित्र जाड तर आपणही जाड होतो, म्हणजे लठ्ठपणा संसर्गजन्य आहे, असं म्हणतात. पटत नाही.

उत्तर : शंका रास्त आहे. मित्र सारखे दिसतात त्याची तीन कारणं असू शकतात : एकाने दुसऱ्याला बदललं, आधीपासून सारखे होते म्हणून मैत्री झाली, किंवा दोघांवर एकाच परिसराचा परिणाम झाला. नुसत्या निरीक्षणातून ही तीन वेगळी काढणं अतिशय अवघड आहे. २००८ मध्ये दोन संशोधकांनी असल्याच पद्धतीने किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तर मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीही मित्राकडून मित्राला ‘लागते’ असं उत्तर आलं. उंची लागत नाही हे उघड आहे; परिसराचा प्रभाव हिशेबात धरल्यावर ते परिणाम विरूनही गेले.

प्रश्न : साथीच्या आलेखात शेवटचे काही दिवस नेहमी उतार दिसतो, आणि आठवड्याने तोच भाग वर गेलेला असतो. आकडे बदलतात का?

उत्तर : बदलतात, आणि बहुतेक वेळा त्यात लपवाछपवी नसते. आलेख लक्षणं दिसल्याच्या तारखेने काढला असेल, तर काल आजारी पडलेल्या माणसाची तपासणी, अहवाल आणि नोंद अजून व्हायची असते. तो कालच्या खांबात पाच-सात दिवसांनी जाऊन बसतो. त्यामुळे शेवटचे खांब कायम बुटके. हा विलंब मोजता येतो. रोज त्या दिवशीचा पूर्ण तक्ता तारीख घालून वेगळा जपून ठेवा. महिन्याने पाहा की एखाद्या तारखेचे किती टक्के रुग्ण तिसऱ्या दिवसापर्यंत नोंदले गेले होते, किती सातव्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी ४० टक्केच येत असतील, तर तीन दिवसांपूर्वीच्या खांबाला ०.४ ने भागून अंदाज करता येतो. त्यानंतरचे दोन दिवस आलेखात फिकट रंगात दाखवा आणि त्यांवरून काही बोलू नका.

याच विलंबामुळे साथ चढत असताना ‘मृत्यू भागिले रुग्ण’ हा दर कमी दिसतो. आजचे मृत्यू दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या रुग्णांमधले असतात आणि भागताना मात्र आजपर्यंतचे सगळे रुग्ण घेतले जातात. ज्यांचा निकाल लागला आहे, म्हणजे जे बरे झाले किंवा दगावले, तेवढ्यांनाच छेदात घेतलं तर हा दोष कमी होतो. पण बरे झाल्याची नोंद उशिरा होत असेल तर हा दर उलट फुगतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी छापावेत.